मीटरच्या आकड्याशेजारचा शेरा वाचा, साहेब

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता साहेब, उपविभागीय अभियंता साहेब आणि बिल शाखेतील सर्व मंडळी,
प्रादेशिक पाणीपुरवठा योजना

विषय : मीटर रीडिंगच्या ॲपमध्ये शेऱ्याचा रकाना पुन्हा सुरू करणे आणि तो वाचूनच बिल काढणे.

महोदय,

मी आपल्या योजनेतल्या गावांमध्ये घरोघरी फिरून पाण्याच्या मीटरचं रीडिंग घेतो. पगार ठेकेदाराकडून मिळतो, गळ्यातलं ओळखपत्रही ठेकेदाराचंच आहे, पण गावात मला सगळे पाणीवाला म्हणूनच ओळखतात. नळ कोरडा पडला, पाणी गढूळ आलं, बिल वाढलं, की माणसं मलाच गाठतात. योजनेचा दुसरा कुणी माणूस त्यांच्या दारात येतच नाही. हे पत्र मी सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे, कारण यातलं गाऱ्हाणं माझ्या एकट्याच्या नोकरीचं नाही. ज्या ज्या घरात आपल्या योजनेचा नळ आहे, त्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे.

पूर्वी आमच्याकडे रीडिंगचं रजिस्टर असायचं. ग्राहक क्रमांक, मागचं रीडिंग, चालू रीडिंग, वापर, आणि शेवटी शेरा. त्या शेवटच्या रकान्यात आम्ही काय काय लिहायचो! ‘मीटर उलटं बसवलं आहे.’ ‘काचेत पाणी शिरलं, आकडा दिसत नाही.’ ‘तोटीला फक्त हवा येते.’ ‘घर बंद, मंडळी पुण्याला.’ ‘न्हाणीखाली गळती वाटते, फिटर पाठवावा.’ बिल शाखेतले बाबू बिल काढायच्या आधी ते वाचायचे. सगळ्याच शेऱ्यांवर काम व्हायचं असं मी म्हणणार नाही, पण वाचले जायचे. आता रजिस्टर गेलं आणि मोबाईल आला. मीटरचा फोटो काढायचा, आकडा भरायचा आणि चारातला एक पर्याय निवडायचा: चालू, बंद, कुलूप, वाचता येत नाही. झालं, पुढचं घर. लिहायला जागाच ठेवलेली नाही.

मला मोबाईलचा राग नाही. फोटो असला की ‘रीडिंग चुकीचं घेतलं’ हा वाद मिटतो, आणि घरी बसून आकडे भरणाऱ्याला आळा बसतो. नवतपात पारा ४५-४६ वर गेला की फोन तापून बंद पडतो, उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही, नेटवर्कसाठी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढून फोटो पाठवावे लागतात. ते सगळं आम्ही निभावून नेतो. माझं मागणं एवढंच आहे, की त्या मीटरजवळ उभ्या असलेल्या माणसाला जे दिसतं ते आपल्यापर्यंत पोचलं पाहिजे.

आपण अभियंते आहात, खारपाणपट्टा म्हणजे काय हे मी आपल्याला सांगावं असं नाही. तरी बिल शाखेत नवीन आलेल्या मंडळींसाठी लिहितो. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात हा पट्टा पसरला आहे. इथे विहीर खोदली, बोअर मारली, तर पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. आमच्याकडच्या कित्येक विहिरी ती दुसरी रेघही ओलांडून जातात. म्हणून तर वान, शहानूर अशा सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांचं गोडं पाणी पाइपातून इतक्या लांब आणावं लागलं. दुसरीकडे नळ चुकला तर हातपंप असतो, विहीर असते. इथे नळ चुकला की आरोच्या पाण्याचा जार विकत घ्यायचा, आणि रोजमजुरीवाल्या घराला ते परवडत नाही. म्हणून या पट्ट्यातलं पाण्याचं बिल म्हणजे घरातल्या एकमेव गोड्या पाण्याचा हिशेब आहे. तो चुकला, बिल थकलं आणि कनेक्शन तुटलं, तर त्या घरानं जायचं कुठे?

आता हवेचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून होतात.

उन्हाळ्यात आपण गावाला चार दिवसांआड पाणी देतो, शेवटच्या टोकाच्या गावांना कधी आठ दिवसांआड. मधल्या दिवसांत पाइप रिकामा होतो आणि त्यात हवा भरते. पाणी सोडलं की पाणी त्या हवेला पुढे रेटतं, आणि हवा मिळेल त्या उघड्या तोटीतून बाहेर पडते. तोटी फुसफुसते, खोकते, आणि मीटरमधली चक्री गरगर फिरत राहते. घरगुती अर्ध्या इंची मीटरला हवा कोणती आणि पाणी कोणतं हे कळत नाही. चक्री फिरली की आकडा पुढे सरकला. मी पाणी यायच्या वेळी मीटरसमोर बसून हे पाहिलं आहे: अजून बादलीत थेंब पडलेला नाही आणि लाल आकडे पळताहेत.

ही हवा वाटेतच बाहेर पडावी म्हणून मुख्य लाइनवर उंचवट्याच्या ठिकाणी एअर व्हॉल्व्ह बसवलेले असतात. ते कुठे आहेत? शेतांच्या धुऱ्यांवर. काही फुटले आहेत, काही गंजून बसले आहेत. काही लोकांनीच मोकळे केले आहेत, कारण तिथे ढोरांना पाणी पाजता येतं आणि फवारणीचा पंप भरता येतो. टोकाच्या गावात हवा जास्त येते ती यामुळे. आणि त्यातून प्रत्येक चौथ्या घरात टिल्लू पंप. लाइनला पंप लावून ओढलं की त्या घराला पाणी लवकर मिळतं, शेजारच्या घराला उरलेली हवा.

टोकाच्या एका गावात एका काकांनी मला बिल दाखवून विचारलं, “भाऊ, मांगच्या मयन्यात पाणी आलं चार खेपा. बिल पाह्य किती आलं. आमी काय हवा पेलो का?” त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला माहीत होतं. पण ॲपमध्ये मी ‘चालू’ निवडलं होतं, कारण मीटर खरोखरच चालू होतं. त्या चार पर्यायांत याहून खरा पर्याय नाही.

साधा हिशेब मांडून बघा. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशनची, म्हणजे खेड्यातल्या घराघरात नळ देण्याच्या केंद्राच्या योजनेची घोषणा झाली. तिचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला ३० दिवसांचे होतात ८,२५० लिटर, म्हणजे सव्वाआठ युनिट. आपलं एक युनिट १,००० लिटरचं. आता ज्या घरात महिन्यात सहा वेळा पाणी आलं, त्या घरानं भरून भरून किती भरलं असेल? दोन ड्रम चारशे लिटरचे, वर कोठी, गुंड, बादल्या मिळून दोनशे. एका खेपेला सहाशे, सहा खेपांचे ३,६०० लिटर. चार युनिटही होत नाहीत. त्या घराचं मीटर सहा-सात युनिट दाखवत असेल, तर वरचं काय आहे हे बिल शाखेत बसून कळणार नाही. उलट कागदावर असं दिसतं की या घराला मापाच्या जवळपास पाणी पोचलं, योजना चांगली चालली आहे. जिथे पाणी सगळ्यात कमी पोचतं तिथलाच आकडा फुगलेला निघतो, आणि त्याच आकड्यावर पुढचं नियोजन होतं. मला हे बिलापेक्षाही गंभीर वाटतं.

मीटर लावूच नयेत असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. साताऱ्यात कराडजवळच्या मलकापूरनं मीटर लावून चोवीस तास पाणी चालवून दाखवलं. आपल्या नागपुरात चोवीस तास पाण्याचा पहिला प्रयोग धरमपेठ भागात झाला, तोही मीटरवरच. पण तिथे पाइप सतत भरलेला राहावा म्हणून सगळी व्यवस्था केली जाते, आणि पाइप भरलेला असला तर मीटर जे सांगतं त्यावर बिल काढायला हरकत नाही. शहराच्या त्या पद्धतीतलं मीटर आणि ॲप आपण उचललं. भरलेला पाइप मात्र आपल्याकडे नाही. तो होईपर्यंत तरी आकड्याच्या जोडीला माणसाची नोंद लागेल.

शेऱ्यानं काय होतं, याचं एक उदाहरण देतो. रजिस्टर होतं तेव्हाचं आहे. हिवाळ्याचे दिवस, पाणी दिवसाआड येत होतं. एका गावात एक मावशी एकट्या राहतात. त्यांचं मीटर न्हाणीमागे, पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली. काड्या बाजूला केल्या, ओल्या फडक्यानं काच पुसली, खाली वाकता येत नव्हतं म्हणून खिशातला छोटा आरसा धरून आकडा वाचला. एका महिन्याचा वापर सात युनिट. मावशी म्हणाल्या, “घरी मी एकटी. दिवसाचं दोन गुंड पाणी लागते मले. हे सात युनिट कोन पेलं?”

नळ सुटलेलाच होता. मी त्यांना घरातल्या दोन्ही तोट्या बंद करायला सांगितल्या आणि मीटरकडे बघत बसलो. मीटरच्या तबकडीवर एक बारीक दातेरी लाल चकती असते, थोडंही पाणी पुढे गेलं तरी ती फिरते. तोट्या बंद, घरात कुठे थेंबाचा आवाज नाही, आणि ती चकती संथपणे फिरत होती. म्हणजे मीटरच्या पुढे, जमिनीखाली, पाणी जात होतं. आपली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि पाणी आटलं की आकसते, हातभर भेगा पडतात. त्या ओढाताणीत पाइपाचे जोड निखळतात. आणि भेगाळलेली माती गळणारं पाणी वर दिसूच देत नाही. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘तोट्या बंद असताना मीटर चालू, जमिनीखाली गळती, ग्राहक एकटी वृद्ध महिला, फिटर पाठवावा.’ शाखेतल्या बाबूंनी ते वाचलं, फिटर आला, न्हाणीच्या फरशीखाली सॉकेटचा जोड सुटलेला सापडला. पुढचं बिल एका युनिटाचं आलं.

हेच आज घडलं तर? फोटो स्वच्छ, आकडा स्पष्ट, पर्याय ‘चालू’. सात युनिटांचं बिल दर महिन्याला छापून जाईल, गोडं पाणी काळ्या मातीत मुरत राहील, आणि मावशी कनेक्शन तोडायचा अर्ज घेऊन तालुक्याला येतील. हे मी कल्पनेनं लिहीत नाही. तोडणीचे अर्ज लिहून द्या म्हणून लोक मलाच सांगतात.

सरासरी बिलाचंही तसंच आहे. मीटर बंद पडलं की मागच्या महिन्यांची सरासरी लागते. मीटरच्या तोंडाशी असलेल्या जाळीत गाळ अडकून ते थांबलं असेल तर जाळी काढून धुतली की ते चालू होतं, एका पान्ह्याचं काम आहे. पण ‘बंद’ एवढाच पर्याय दाबला की जाळी तुंबली, का मीटर गंजलं, का काच फुटून आत माती गेली, हे आपल्याला कळणार कसं? म्हणून ते मीटर बंदच राहतं आणि सरासरी वर्षानुवर्षं चालते. आणि ती सरासरी ज्या महिन्यांची काढली, त्या महिन्यांतही हवा मोजलेलीच असते. कुलूपबंद घरांचं तर विचारू नका. सोयाबीन निघालं की कितीतरी घरं पुण्याला, सुरतेला, वीटभट्ट्यांवर जातात. पाच-सहा महिने नळ उघडलेला नसतो, तरी सरासरी चालू, वर विलंब आकार. माणसं परत येतात तेव्हा दाराच्या फटीत बिलांची चळत असते. ‘घर बंद, शेजाऱ्यांच्या सांगण्यानुसार कुटुंब बाहेरगावी’ एवढं एक वाक्य लिहू दिलं असतं तर ही थकबाकी झालीच नसती. मार्चअखेर आपण वसुलीला निघता तेव्हा तिच्यातला एक भाग कधी वसूल होणारच नाही, कारण ते पाणी कुणी वापरलेलंच नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर आपल्याला वाटेल मी फक्त ग्राहकांचीच बाजू घेतो. मीटरच्या आधीच टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून वेगळी लाइन काढलेली घरं मला दिसतात. दोन मजल्यांचं बांधकाम चाललं आहे, ढोरांची मोठी टाकी काठोकाठ आहे, आणि मीटरवर दीड युनिट. फोटोत मीटर झक्क दिसतं. पर्याय ‘चालू’. अशी घरं बहुतेक गावातल्या वजनदार माणसांची असतात. त्यांच्याबद्दल तोंडी सांगितलं तर उद्या मला त्या गल्लीत पाय ठेवणं कठीण होईल, हे आपल्यालाही ठाऊक आहे. म्हणून शेरा थेट शाखा अभियंत्यांकडे जावा, ठेकेदाराकडे नाही आणि गावच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. ज्यानं चोरून घेतलं त्याचं पाणी आज टोकाच्या गावातल्या हवेच्या बिलातून भरून निघतं आहे, असं मला स्पष्ट वाटतं.

उलट्या मीटरचं एक राहिलं. मीटरच्या अंगावर बाण असतो, पाणी त्या दिशेनं जायला हवं. मिशनच्या कामात घाईघाईनं जोडण्या दिल्या तेव्हा काही मीटर उलटी बसली. त्यांचा आकडा मागे जातो. मागच्यापेक्षा कमी आकडा ॲप घेतच नाही, ‘पुन्हा रीडिंग घ्या’ म्हणून परत पाठवतं. कितीही वेळा घेतलं तरी आकडा तोच. शेवटी नाइलाजानं ‘वाचता येत नाही’ दाबावं लागतं आणि वाचता येणारं मीटर सरासरीत जातं. मला हे दाबताना फार वाईट वाटतं.

आमच्या मोबदल्याचं दोन ओळींत लिहितो. ठेकेदार मीटरमागे पैसे देतो. पऱ्हाट्या उपसून, आरसा लावून, तोट्या बंद करायला लावून जो नीट वाचतो त्याला, आणि दारातूनच अंदाज बांधून जो जातो त्याला, दर एकच. ही पद्धत चांगल्या रीडरला हळूहळू वाईट रीडर बनवते. आम्हाला महिन्याचं किमान वेतन, पीएफ आणि विमा द्या, आणि मग आमच्याकडून चोख काम मागा.

आता मागणं. ॲपमध्ये मराठीत लिहिता येईल असा शेऱ्याचा रकाना द्या, बोलून भरता आला तर आणखी बरं. ज्या मीटरला शेरा आहे त्याचं बिल शाखेतल्या माणसानं शेरा वाचल्याशिवाय छापलं जाऊ नये, आणि वाचून काय ठरवलं ते रीडरला पुढच्या फेरीत त्याच ग्राहकाच्या नावापुढे दिसावं. म्हणजे दारात विचारलं तर मला सांगता येईल.

आणि एक गोष्ट, जिला खर्च जवळजवळ नाही. व्हॉल्व्हमनकडे कोणत्या गावाला कोणत्या दिवशी, किती वेळ पाणी सोडलं याची नोंद असते. ती बिलावर छापा. ‘या महिन्यात पाणी दिलेले दिवस : ६’ असं बिलावर आलं, की वापराच्या आकड्याचा अर्थ ग्राहकालाही कळेल आणि आपल्यालाही. सहा दिवस पाणी आणि दहा युनिट वापर, हे एका कागदावर शेजारी शेजारी आलं तर एअर व्हॉल्व्ह कुठे तपासायचे ते वेगळं शोधावं लागणार नाही. वेशीवरच्या मोठ्या मीटरचं रीडिंग आणि गावातल्या सगळ्या घरांची बेरीजही अशीच एकमेकांशेजारी ठेवून बघा. गळती किती, चोरी किती, हवा किती, याचा बराच अंदाज त्यातून येईल.

उद्या स्वयंचलित मीटर येतील आणि आकडे आपोआप कार्यालयात पोचतील, असं कानावर येतं. जरूर आणा. पण रिकाम्या पाइपावर बसवलेलं स्वयंचलित मीटरही हवाच मोजणार, आणि न्हाणीखालची गळती कोणाची आहे, घरात किती माणसं आहेत, हे ते सांगू शकणार नाही. तेव्हाही गावात फिरणारा माणूस लागेल. आम्हाला काढायच्या आधी आमच्याकडून गळती शोधण्याचं आणि एअर व्हॉल्व्ह तपासण्याचं काम करून घ्या. गावातल्या प्रत्येक मीटरची जागा आम्हाला पाठ आहे.

पुढच्या फेरीपासून मी प्रत्येक गावाचे शेरे वहीत लिहिणार आहे: ग्राहक क्रमांक, तारीख, जे दिसलं ते. फेरी संपली की त्याची एक प्रत शाखा कार्यालयाच्या आवक खिडकीत देईन. ती घेऊन शिक्क्यासह पोच द्यावी, अशी सूचना तिथल्या बाबूंना आधीच द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक मीटर रीडर
पूर्णाकाठ, खारपाणपट्टा